मुक्या घावांना सोबत हवी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. ढिगाऱ्यातून वाचलेल्यांना नुसती घरे बांधून देऊन भागणार नाही, त्यांच्या भेदरलेल्या मनालाही आधार लागेल, हे त्या वेळी मराठवाड्याला उमगले. भूकंप एकदाच झाला आणि तो साऱ्या जगाने पाहिला. त्या दुःखाला साक्षीदार होते. ते खरे आहे की नाही, असे कोणी विचारले नाही. परंतु ज्या बाईच्या पायाखालची जमीन वर्षानुवर्षे रोज रात्री हादरते आणि हादरवणारा हात तिच्याच घरातील माणसाचा असतो, तिच्या मनाच्या पडझडीचा पंचनामा कोणी करावयाचा?

या दोन दुःखांची जात वेगळी आहे, हे मानसशास्त्राला समजावयालाही बराच काळ जावा लागला. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या यातना पाहून अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली आघातोत्तर तणावविकाराला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. पुढे १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन या विदुषीने दाखवून दिले की, एका भयंकर प्रसंगाने झालेली इजा आणि सुटकेचा मार्ग बंद असताना दीर्घकाळ सोसलेल्या छळाने झालेली इजा या एकच नव्हेत. युद्धकैदी, छळछावणीतून सुटलेले लोक, लहानपणी अत्याचार सोसलेली मुले आणि नवऱ्याच्या मारहाणीत वर्षे काढलेल्या स्त्रिया यांच्या मनोवस्थेत त्यांना विलक्षण साम्य आढळले. या दुसऱ्या इजेला त्यांनी जटिल आघातोत्तर तणावविकार असे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत हा विकार स्वतंत्रपणे नोंदविला. ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. म्हणजे जे दुःख जात्याइतके जुने, त्याला अधिकृत नाव मिळून पुरते दशकही लोटलेले नाही.

नाव अवघड असले तरी लक्षणे ओळखीची आहेत. घडून गेलेले आताच घडत आहे असे वाटणे, त्याची आठवण देणाऱ्या जागा व माणसे टाळणे आणि सदोदित धोक्याच्या सावटाखाली वावरणे, ही तीन लक्षणे आघातोत्तर तणावविकाराची. जटिल प्रकारात आणखी तीन गोष्टी येतात. भावनांचा तोल राहत नाही. क्षुल्लक कारणाने संताप उसळतो किंवा मन अगदी बधिर होऊन जाते. ‘मीच वाईट, माझेच चुकले’ ही समजूत हाडीमाशी खिळते. आणि कोणाही माणसाच्या जवळ जाणे, कोणावर विश्वास टाकणे अशक्य होऊन बसते. कडी वाजताच दचकणारी, मुलावर एकाएकी भडकून मग तासन्‌तास शून्यात पाहणारी, डोके आणि पाठ सतत दुखते म्हणून दवाखान्याची पायरी झिजविणारी बाई कोणत्या गल्लीत नाही? तिला कोठे सलाईन लावले जाते, कोठे ताकदीच्या गोळ्या दिल्या जातात, कोठे ‘बाहेरचे आहे’ म्हणून अंगारा लावला जातो. ‘तुझ्यावर काय गुदरले?’ एवढा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न सेलूसारख्या तालुक्याच्या गावाने का विचारावा, याचे उत्तर जिल्ह्याच्या आकड्यांत आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न वयाच्या अठराव्या वर्षाआधी झालेले होते. संपूर्ण राज्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे परभणीच्या निम्म्याहूनही कमी होते. लवकर लग्न झालेली प्रत्येक मुलगी छळाला बळी पडते, असा याचा अर्थ नव्हे. तसे म्हणणे अनेक सुखी संसारांवर अन्याय करणारे ठरेल. परंतु ज्या वयात मुलीने नूतन विद्यालयासारख्या शाळेच्या बाकावर बसावयाचे, त्या वयात ती परक्या घरी गेली आणि तेथे तिच्या वाट्याला मारहाण व बळजबरी आली, तर परतीची वाट तिला कोठून दिसणार? हातात शिक्षण नाही, स्वतःची मिळकत नाही आणि माहेर म्हणते, ‘दिल्या घरी सुखी राहा.’ सुटकेचा मार्ग बंद असणे हीच तर या विकाराची जन्मभूमी आहे.

यात ऊसतोडीच्या कोयत्याबरोबर दरसाल मुलूख सोडणाऱ्या स्त्रिया आहेत. ज्यांच्या पालाला दार नसते. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा आहेत. नवऱ्याचे मरण सरकारी मदतीस ‘पात्र’ की ‘अपात्र’ याची चौकशी होत असता तीच कहाणी त्यांना पुनःपुन्हा सांगावी लागते. आणि ती ऐकणाऱ्यास कागद हवा असतो, माणूस नव्हे. बाहेरून पाहता ही दुःखे निरनिराळी दिसतात. आत मात्र एकच गोष्ट घडलेली असते. ज्या माणसांनी आधार द्यावयाचा, त्यांच्यावरचाच भरवसा उडालेला असतो.

त्यावर मौनाचे कुलूप असते. याच सर्वेक्षणानुसार देशात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कधी कोणाची मदत मागितली नाही, कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या निघाल्या त्या अवघ्या १४ टक्के. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ ही म्हण मराठीत उगाच रूढ झालेली नाही. बुक्की काही काळाने निवते. दाबलेले तोंड मात्र आयुष्यभर तसेच राहते, आणि दुखणे मुरते ते त्या दाबलेपणात.

येथे समूहोपचाराची कल्पना पुढे येते. तिच्याविषयी पहिला गैरसमज असा की, तज्ज्ञ थोडे आणि रुग्ण फार, म्हणून दहा जणींना एकत्र बसवून उरकण्याची ही एक स्वस्त युक्ती आहे. आपल्या देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, हे खरेच. पण समूहोपचाराचे समर्थन केवळ टंचाईच्या आधारावर करणे हा त्या उपचाराचा अपमान आहे. जी जखम माणसामाणसांच्या संबंधात झाली, ती भरून येण्यासाठीही माणसांचाच संबंध लागतो. गोळीने झोप येईल, धडधड कमी होईल. त्या गोळीची गरज असेल तेथे ती दिलीच पाहिजे. परंतु ‘माझेच चुकले’ ही समजूत गोळीने जात नाही. तीच कहाणी दुसरीच्या तोंडून ऐकताना बाईच्या मनात सहज येते, ‘हिचे यात काय चुकले?’ आणि दुसरीला दिलेला तो न्याय, आज ना उद्या, ती स्वतःलाही देऊ लागते. समूहोपचाराचे शास्त्र मांडणाऱ्या अर्विन यालोम यांनी १९७० मध्येच नोंदविले की, ‘हे दुःख एकट्या माझे नाही’ हा शोध हेच समूहातील एक मोठे औषध आहे.

मराठी बाईला हे औषध अगदीच परके आहे, असेही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात जात्याच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघी जे कोणाजवळ बोलता येत नव्हते ते जात्याजवळ बोलत होत्या, याचा तो संग्रह म्हणजे मोठा पुरावा आहे. पीठगिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि बाईच्या कष्टाचा एक भाग हलका झाला. ते योग्यच झाले. जुन्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र त्या कष्टाबरोबर मन मोकळे करण्याची हक्काची वेळही गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही. शिवाय जात्याची एक मर्यादा होतीच. जाते ऐकून घेई, पण उत्तर देत नसे. दुःख हलके होई. त्यातून वाट निघत नसे. समूहोपचारात ऐकणारी माणसे असतात आणि पुढची वाट शोधणे हे त्या बैठकीचे कामच असते.

ही बैठक म्हणजे गप्पांचा फड नव्हे, कीर्तन नव्हे आणि न्यायपंचायत तर नव्हेच. सहा ते दहा स्त्रिया, ठरलेला वार, ठरलेली वेळ, दीडेक तासाची बैठक आणि तीन-चार महिन्यांची मुदत, असा तिचा साधारण आराखडा असतो. चालविणाऱ्या दोन प्रशिक्षित स्त्रिया असाव्यात, म्हणजे एखादी कोसळलीच तर एक तिला सांभाळू शकते आणि दुसरी बाकीच्यांकडे पाहू शकते. समूहात घेण्यापूर्वी प्रत्येकीशी एकटीने बोलणे होते. जिच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत किंवा जिचे वास्तवाचे भान सुटलेले आहे, तिला आधी स्वतंत्र उपचार मिळाले पाहिजेत. पहिल्या काही बैठकांत भूतकाळाला हात लावावयाचा नसतो. भीतीची लाट आली असता पाय जमिनीवर टेकवून, श्वास सावकाश सोडून वर्तमानात परत कसे यावे, झोप कशी लागावी, घरी धोका झाल्यास कोठे जावे, हे तेथे शिकावयाचे असते. हर्मन यांनी बरे होण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. आधी सुरक्षितता, मग आठवण व शोक आणि शेवटी जगाशी पुन्हा नाते. हा क्रम उलटा केला की उपचारच अपाय होतो. ‘सांग, तुझ्यावर काय काय झाले?’ असे पहिल्याच दिवशी चारचौघींसमोर विचारणे म्हणजे खपली ओरबाडणे आहे. न बोलण्याचाही अधिकार जेथे आहे, तेथेच बाई बोलू लागते.

खेड्यापाड्यांतून असा उपचार साधेल काय, ही शंका रास्त आहे. तिचे एक उत्तर पूर्व काँगोतून आले. युद्धाने होरपळलेल्या त्या प्रदेशात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही गावांत स्त्रियांना एकेकटीने आधार देण्यात आला. काही गावांत एक वैयक्तिक भेट व अकरा सामूहिक बैठका असा उपचार झाला. तो निरक्षर स्त्रियांनाही जमेल असा सोपा करण्यात आला होता, आणि तो चालविणारे लोक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. प्राथमिक शाळेपुढे चार-सहा इयत्ता शिकलेले, प्रशिक्षण घेतलेले आणि ज्यांच्या कामावर नियमित देखरेख होती असे स्थानिक कार्यकर्ते होते. सहा महिन्यांनी पाहिले असता, एकेकटीने आधार घेतलेल्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांत नैराश्य वा चिंताविकाराची लक्षणे उरलेली होती. समूहोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलेले होते. आघाताच्या लक्षणांबाबतही निष्कर्ष असाच होता.

महाराष्ट्राचा अनुभव याहून फार निराळा नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात गावच्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिल्यावर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत गेले. नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत ‘आत्मीयता’ या उपक्रमाने बचत गटांतील व शेतकरी मंडळांतील माणसांना ऐकण्याची कला शिकविली. हे दोन्ही प्रकल्प जटिल आघातासाठी नव्हते. तरी गावातील साधे माणूस शिकून दुसऱ्याच्या मनाला हात देऊ शकते, एवढे त्यांनी निश्चित दाखवून दिले.

मग गावोगावी बचत गट आहेतच, तेथेच हे काम का करू नये, असे कोणी म्हणेल. हा मोह आवरला पाहिजे. बचत गटात शेजारीण असते, जाऊ असते, कधी सासूही असते. तेथे बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत घरी पोहोचतो आणि रात्री त्याची किंमत वसूल होते. सेलूसारख्या गावात कोण कोणाची सून, कोण कोठे गेली, हे लपून राहत नाही. अशा ठिकाणी गुप्तता हा उपचाराचा पायाच मानला पाहिजे. म्हणून समूह एकाच गल्लीचा वा एकाच गावाचा नसावा. तालुक्याच्या निरनिराळ्या गावांतील स्त्रियांचा असावा. बैठकीच्या दारावर ‘मनोरुग्ण’ अशी पाटी नसावी. सरकारी रुग्णालयात बाई रक्त तपासावयास जाते, लेकराला डोस पाजावयास जाते. त्याच इमारतीतील एका खोलीत, आठवडी बाजाराच्या दिवशी, ही बैठक भरली तर ‘कोठे गेली होतीस?’ या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ तयार असेल. मानसिक आरोग्याची माहिती गुप्त राहणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला अधिकार आहे, आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हाही त्याच कायद्याने दिलेला अधिकार आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. कायद्याचे शब्द सेलूपर्यंत पोहोचले. त्यांना खोली, वार आणि माणूस मिळणे बाकी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मार चालू असताना मनाला मलमपट्टी करून काय साधणार? तो आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच समूहोपचार एकटा उभा राहू शकत नाही. सोसण्याची ताकद वाढविणारा उपचार हा जुलमाचा चाकर ठरेल. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, संरक्षण अधिकारी, ‘सखी’ केंद्रे, पोलिसांचा विशेष कक्ष आणि निवारा यांच्याशी त्याची सांगड असलीच पाहिजे. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस यंत्रणेतच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र उघडले, कारण मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी दवाखान्यात येते. हे दोन्ही धडे एकच गोष्ट सांगतात. बाईने नव्या दाराशी जावे अशी अपेक्षा न धरता, ती ज्या दाराशी येतेच तेथे मदत उभी करावी.

घरे फुटतील, ही भीती काही पुरुषांना वाटेल. ती बोलून दाखविण्यापूर्वी त्यांनी एवढाच विचार करावा की, भिंत पोखरलेली आहे असे सांगणाऱ्याने भिंत पाडलेली नसते. भेदरलेल्या आईच्या कुशीत वाढणारे मूल तीच भीती पुढे नेते. बरी होत असलेली आई ती साखळी तोडते. घराची लाज वेशीवर टांगली जाते ती बाई बोलल्यामुळे नव्हे. जे घडले त्यामुळे घराची लाज जाते.

राज्याची ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत, आणि या स्त्रियांना मनोरुग्णालयाच्या खाटेची गरजही बहुधा नाही. त्यांना गरज आहे ती घरापासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा जागेची. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र, मराठीतही उपलब्ध आहे. महाविद्यालयाने आणि जिल्हा रुग्णालयाने मिळून दोन समुपदेशक स्त्रियांना या कामाचे रीतसर शिक्षण द्यावे, तज्ज्ञाने दर पंधरवड्यास त्यांच्या कामावर नजर ठेवावी, बैठकीस येणाऱ्या बाईला एस.टी.चे भाडे व बुडालेल्या मजुरीचा काही भाग मिळावा, आणि लहान मुले सांभाळण्यास एक सेविका असावी. यासाठी मोठी इमारत लागत नाही, उद्घाटनाचा समारंभही लागत नाही. समारंभ झाला तर गुप्तता संपलीच.

उरले ते समाजाचे काम, आणि त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. नववीतील मुलगी दिवाळीनंतर वर्गात परतली नाही, तर हजेरीपटावर रेघ मारण्याआधी तिच्या घरी जाणे शिक्षकाच्या हाती आहे. विधवेचा अर्ज घेताना तिची कहाणी खिडकीपाशी सर्वांदेखत वदवून न घेता तिला खुर्ची देऊन आत बसविणे कारकुनाच्या हाती आहे. वर्गातील अबोल मैत्रिणीची टिंगल न करणे आणि तिने विश्वासाने सांगितलेले पोटात ठेवणे विद्यार्थ्यांच्या हाती आहे. ही उपचाराची जागा घेणारी कामे नव्हेत. पण ज्या भरवशावर उपचार उभा राहतो तो भरवसा अशाच कामांतून तयार होतो.

किल्लारीच्या लोकांना पुन्हा घरे मिळाली, कारण पडलेली घरे सर्वांना दिसत होती. सेलूच्या परिसरातील ज्या घरांच्या भिंती शाबूत आहेत आणि आतली बाई ढिगाऱ्याखाली आहे, तेथे मदतीचा हात पोहोचावयाचा तर आधी हाक ऐकू आली पाहिजे. दडपलेल्या माणसाची हाक एकट्याने दिली तर क्षीणच असते. दहा जणींनी मिळून दिली तर ती रस्त्यापर्यंत येते. त्या दहा जणींना आठवड्यातून दीड तास बसण्यासाठी एक सुरक्षित खोली देणे परभणी जिल्ह्याला जड नाही.